तीन वाट्या बर्फ, एक वाटी मीठ

“सर, बघा, आता फुटते,” असं म्हणून सुवर्णानं मोबाइल माझ्या चष्म्यापुढं धरला. पडद्यावर काळसर पाण्यात एक गोल पिशवी तरंगत होती, साबणाच्या फुग्यासारखी, पिवळट कडा चमकणारी. डावीकडून बर्फाची एक सुई पुढं सरकली, मग दुसरी, मग तिसरी. पिशवी दबली, लांबट झाली आणि कुठलाही आवाज न करता नाहीशी झाली. तिच्या जागी बारीक ठिपक्यांचा एक पुंजका राहिला. “झालं,” सुवर्णा म्हणाली. “एवढंच. याच्यासाठी माही पाच वर्षं गेली.” ती हसली. मीही हसलो असणार, कारण तिनं बोट लावून तेच चित्र पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं. माझ्या हातात चहाचा कप होता. मी तो बशीत ठेवायला गेलो आणि तो बशीच्या बाजूला, सतरंजीवर टेकला, थोडा सांडला. ते पिवळे ठिपके मी आधी पाहिले होते. कुठं, ते त्या क्षणी मनात आलं नाही. पण शरीराला कळलं होतं. उजव्या हाताची बोटं आपोआप जवळ आली, एखादी लहान बाटली धरून उजेडाकडं नेल्यासारखी, आणि मनगट दोनतीनदा हललं.

सुवर्णा वांकिडीकडची. वडील माणिकराव कापूस आणि ज्वारी करतात. आठवीत ती आदिलाबादला आमच्या मराठी शाळेत आली. वसतिगृहात राहायची, आणि सुट्टी लागली तरी पहिला आठवडा गावी जायची नाही, कारण एप्रिलच्या शेवटच्या रविवारी माझ्या ओसरीवर बर्फाचा प्रयोग असायचा. आता ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत आहे. पेशीभोवती जी पातळ भिंत असते, पेशीपटल, तिच्यावर तिचं काम. चुलत बहिणीच्या लग्नाला निघाली होती, आणि वाट वाकडी करून मुद्दाम आजच आली होती. पाय धुऊन आत येता येताच म्हणाली, “सर, तुमी आमाले दोन रिंगणं करून उभं केलं होतं, आठवते का? बाहेरच्या पोरी तोंडं बाहेर करून, आतल्या पोरी तोंडं आत करून, पाठीले पाठ. मी आतल्या रिंगणात होती. माह्या पाठीमागं रुपा होती. तिच्या वेणीचा रिबिनीचा गठ्ठा मले टोचत होता पूर्ण तास.” मला आठवत होतं. मेदाच्या कणाला एक डोकं आणि दोन शेपट्या, डोक्याला पाणी आवडतं आणि शेपट्यांना पाण्याची भीती; म्हणून डोकी बाहेरच्या आणि आतल्या पाण्याकडं, शेपट्या मधे लपलेल्या. पुस्तकात हे एका ओळीत होतं आणि कोणालाही कळत नव्हतं. मुलं अंगणात पाठीला पाठ लावून उभी राहिली की पाच मिनिटांत कळायचं. “हैदराबादले पहिल्या दिवशी तिथल्या सरांनी विचारलं, पटल म्हंजे काय ते सांग. मी उभी राह्यली आन् भिंतीले पाठ लावून दाखवली. सगळे हसले बाप्पा. पण त्याहीले समजलं.”

तिनं ते मला आज समजावून सांगितलं. मी जसा सांगायचो तसंच, घाई न करता, प्रत्येक पायरीवर थांबून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून. मी ऐकत होतो आणि मनात एक भाग तिच्या शिकवण्यावर खूश होता. तो भाग अजून जिवंत होता याचं मला आता नवल वाटतं. ती म्हणाली की आता अशा पिशव्या प्रयोगशाळेत बनवता येतात, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या, आणि त्यांच्यात औषध बसवता येतं. काही औषधं फार जहाल असतात. उघडी दिली तर जिथं जाऊ नये तिथंही जातात. “समजा, बुरशीवरचं एक औषध हाय, पिवळं. त्याले बी पाण्याची भीती. ते त्या पाठींच्या मधात जाऊन बसते, माह्या आन् रुपाच्या मधात. तिथं असलं की मूत्रपिंडाले त्रास देत नाही. पिशवी त्याले सांभाळून नेते आन् जिथं बुरशी हाय तिथं सोडते. पण सर, पिशवी गोठली की बर्फाच्या सुया रिंगणात घुसतात. पोरी पळाल्या, रिंगण मोडलं. औषध सगळं बाहेर. गाठी होतात, ठिपके ठिपके दिसतात. मग ते पहिल्यासारखंच जहाल, मूत्रपिंड खाऊन टाकते. म्हणून थंड ठेवायचं, पण गोठवायचं नाही. आता आमी अशी साखर शोधून राह्यलो की गोठलं तरी रिंगण मोडू नये.” आणि मग, माझ्या गुडघ्याला हात लावून, आनंदानं: “ते सगळं तुमच्या मीठ-बर्फापासून हाय, सर. प्रयोगशाळेतलं गोठवायचं यंत्र बंद पडलं एकदा, तर मी मीठ आन् बर्फ कालवून काम केलं. सगळे बघतच राह्यले.”

माझी बायको, जयवंताबाई, तिला जाऊन या मे महिन्यात चार वर्षं होतील. कोरोनात गेली, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. सुवर्णालाही तेवढंच माहीत होतं. कोरोना तर बरा झाला होता. घरी आली, दोन दिवस ज्वारीची भाकरी खाल्ली, आणि तिसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याखाली सूज आली. तिला साखरेचा आजार होता. डॉक्टर म्हणाले, नाकातून बुरशी चढते आहे. या इंजेक्शनशिवाय इलाज नाही, आणि इंजेक्शन माझ्याकडं नाही, आदिलाबादमध्ये कोणाकडंच नाही, तुम्ही कुठूनही आणा. आमचा मुलगा भूषण हैदराबादला घरात अडकलेला. त्यानं दोन दिवस फोन करकरून नागपूरच्या एका औषधवाल्याकडं पंधरा बाटल्या मिळवल्या. मी राजकुमारची जीप केली आणि पहाटे निघालो. राजकुमार निर्मलचा, माझाच जुना विद्यार्थी, विज्ञानात कायम काठावर पास. औषधवाल्यानं शीतपेटीतून बाटल्या काढल्या, खोकी नव्हतीच, रबरानं बांधलेले तीन गठ्ठे होते, आणि थर्माकोलच्या डब्यात दोन गार पिशव्यांच्या मधे ठेवून दिले. “थंड ठेवा, गुरुजी. गरम झालं की औषध मेलं,” एवढंच तो म्हणाला. त्याच्या दारात तेव्हा चाळीस माणसं उभी होती.

त्या दिवशी शेहेचाळीस अंश होतं. हिंगणघाट गेलं तोवर गार पिशव्या बोटाला मऊ लागायला लागल्या. मी दर दहा मिनिटांनी डबा उघडून बघत होतो, आणि राजकुमार म्हणत होता, “सर, उघडू नका, थंडी बाहेर जाऊन राह्यली.” बरोबर होतं त्याचं. पण मला राहवत नव्हतं. त्या डब्यात औषध नव्हतंच, जयवंताबाई होती, आणि ती तापत चालली होती. पांढरकवड्याला बर्फाचा कारखाना अर्ध्या दारानं चालू होता. मी अर्धी लादी घेतली, आणि मग, मला स्वच्छ आठवतं, माझ्या मनात एक आनंदासारखं काहीतरी चमकलं. तीन दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी येत होतं. डॉक्टरांपुढं मी अडाणी होतो, फोनवर भूषणपुढं म्हातारा होतो. पण बर्फ माझा विषय होता. बाजूच्या दुकानातून मी खडे मीठ घेतलं, राजकुमारला बर्फ फोडायला लावलं आणि तीनास एक या मापानं कालवलं. राजकुमार म्हणाला, “सर, बर्फात मीठ काऊन टाकून राह्यले? लोणचं घालता का औषधाचं?” मी भर उन्हात, रस्त्याच्या कडेला, त्याला समजावून सांगितलं: नुसता बर्फ शून्य अंशाला असतो, मीठ पडलं की तो शून्याच्याही खाली जातो, उणे पंधरा, उणे अठरा. “म्हंजे औषध गोठन ना हो सर.” “गोठू दे. औषध म्हणजे पाणीच की रे, त्यात विरघळवलेलं. गोठलं तर वितळेल. तापलं तर मात्र गेलं.” “हो,” तो म्हणाला, “तुमी म्हणता तर.” आठवीत असतानाही तो असंच म्हणायचा. मी बाटल्या एक एक करून खोल रोवल्या, वर ओलं गोणपाट दाबलं. पैनगंगेच्या पुलावर, राज्याच्या हद्दीशी, कागदपत्रांसाठी गाड्यांची रांग होती. साडेतीन तास आम्ही त्या उन्हात उभे होतो. मी डब्यावर हात ठेवून बसलो होतो आणि माझा तळहात गारठून बधिर झाला होता, आणि मला त्या बधिरपणाचा किती आधार वाटत होता.

दवाखान्यात पोचलो तेव्हा बाटल्यांवर बर्फाचा पांढरा थर चढला होता. सिस्टरनं एक उचलली आणि हात झटकला. “सर, हे तर दगड झालं.” मी म्हणालो, “थंड आहे म्हणजे चांगलं आहे. दहा मिनिटं बाहेर ठेवा.” ती दोन तळहातांत धरून बसली, चिमणीचं पिल्लू धरावं तशी. वितळल्यावर मी एक बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आत दुधाळ पिवळं होतं आणि तळाशी बारीक ठिपके. मी हलवली. ठिपके वर आले, फिरले, पुन्हा खाली बसले. सिस्टर माझ्याकडं बघत होती. तिच्या नजरेत प्रश्न होता, हे मी आज म्हणतो. त्या दिवशी मला तो दिसला नव्हता, की दिसू दिला नव्हता, कोण जाणे. “असंच असतं ते,” मी म्हणालो. पन्नास वर्षं लोकांनी माझ्याकडून असंच ऐकून घेतलं आहे. एकदा सर म्हणाले की कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. तिनंही नाही विचारलं. सलाईन लागलं. जयवंताबाईनं बांधलेल्या डोळ्याच्या बाजूनं मान वळवून मला म्हटलं, “अवो, काही खाल्लं का? तोंड कसं झालं पाहा तुमचं.” चौथ्या दिवशी तिची लघवी कमी झाली, पाचव्या दिवशी बंद. डॉक्टर म्हणाले, साखर, कोरोना, बुरशी, सगळं एकदम आलं, मूत्रपिंडं बसली. नवव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर लोक आले, बसले, आणि प्रत्येकानं एकच वाक्य मला दिलं: तुम्ही करता येईल ते सगळं केलं. भूषण दरवर्षी त्या तारखेला फोनवर हेच म्हणतो. राजकुमार जीपच्या थांब्यावर नव्या माणसांना सांगतो, आमच्या सरांनी शेहेचाळीस डिग्रीत औषध बर्फाच्या दगडासारखं आणलं, डॉक्टर बी पाहत राह्यला. त्या वाक्याला टेकून मी चार वर्षं बसलो होतो. एवढंच नव्हे; मी ते शिकवलं. दर एप्रिलला बर्फाचा प्रयोग झाला की मी मुलांना सांगायचो, बघा, शिकलेलं कसं उपयोगी पडतं, मी बाईंचं औषध नागपूरहून असंच आणलं होतं. मुलं गप्प होऊन ऐकायची. त्यांना बाई आठवत नाहीत, पण ते औषध त्यांना पाठ आहे. रिकाम्या बाटल्याही मी टाकल्या नाहीत. इंजेक्शनच्या बाटल्या मी नेहमीच जमवत आलो. रबरी बूच असतं, आत काही भरून मुलांच्या हातात देता येतं. जयवंताबाईच्या त्या बाटल्यांपैकी एकीत मोरचुदाचे निळे खडे आहेत. खिडकीत असते. लेबल मी स्वतः कोमट पाण्यात भिजवून, नखानं खरवडून काढलं होतं. त्या लेबलावर काय लिहिलं होतं? मी काढलं तेव्हा वाचलं असेल. नसेल. काच स्वच्छ आहे.

सुवर्णा बोलत होती आणि मी ठरवत होतो की तिला विचारायचं नाही. ती दोन तासांनी जाईल. लग्नात नाचेल. तिला काही सांगायची गरज नाही. दुसरीकडं मला वाटत होतं की या जगात मला उत्तर देऊ शकेल असं एकच माणूस आहे, ते माझ्या सतरंजीवर बसलं आहे, आणि ते मीच घडवलं आहे. तेवढ्यात मुलं आली. बारातेरा होती, कोणी मराठी, कोणी तेलुगू, कोणाचं दोन्ही मिळून तिसरंच काहीतरी. दोघींनी बादलीत बर्फ आणला होता, गोणपाट गुंडाळून. परीक्षानळ्यांत साखरेचं लिंबूपाणी भरायचं, प्रत्येकीत एक काडी, आणि नळ्या मीठ घातलेल्या बर्फात उभ्या करायच्या. मी उठलोच नाही. सुवर्णानं पदर खोचल्यासारखी ओढणी खोचली आणि म्हणाली, “बसा सर, मी करते आज.” समोरच्या घरातली श्रावणी मिठाचं भांडं घेऊन पुढं झाली. “सार, उप्पु एंत?” मीठ किती, तिनं विचारलं. तिला माहीत होतं. पण विचारल्यावरच प्रयोग सुरू होतो अशी तिची समजूत आहे. “तीनाला एक,” सुवर्णाच म्हणाली, आणि वाटीनं मोजून टाकायला लागली. श्रावणी तिला मोठ्या मानानं माहिती देत होती, “अक्का, सारनी बाईंचं मंदु, औषध, असंच आणलं होतं. नागपूरहून. मीठ टाकून. बुरशीचं. एकदम गोठवून आणलं, दगडासारखं. होय ना सार?”

सुवर्णाचा हात वाटीसकट थांबला. मीठ वाटीच्या कडेवरून थोडं थोडं गळत राहिलं. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आधी बर्फाकडं बघितलं, मग खिडकीतल्या बाटलीकडं, आणि मग खाली. हुशार मुलगी. पाच वर्षांचं काम तिच्या तोंडावरून एका क्षणात उलटं फिरत गेलं. “होय,” मी श्रावणीला म्हणालो. “तसंच आणलं होतं.” मग सुवर्णाला हाक मारली. ती येऊन माझ्यापुढं बसली, आठवीत बसायची तशी, मांडी घालून, पाठ ताठ. मुलं नळ्या रोवण्यात गुंतली होती.

“सर, तुमाले कुठं माहीत होतं,” ती हळू म्हणाली. “कोणालेच—”

“ते नाही विचारत मी. ठिपके होते. मी पाहिले होते. त्याच्यानंच झालं का, ते सांग.”

“काऊन विचारता, सर?”

“वर्गात काय ठरलं होतं आपलं?”

तिनं ओठ दाबले. “माहीत नसलं तर माहीत नाही म्हणायचं,” ती म्हणाली. “पोकळ उत्तर द्यायचं नाही. मग, कसं कळेल ते सांगायचं.”

“मग सांग.”

“माहीत नाही, सर.” तिनं हाताला लागलेलं मीठ ओढणीला पुसलं. “बाईंले साखर होती, बुरशी किती चढली होती ते माहीत नाही. चांगल्या औषधानं बी मूत्रपिंड जाऊ शकते. याच्यानं बी जाऊ शकते. मले माहीत नाही.”

“आणि कसं कळेल?”

तिनं खिडकीकडं पाहिलं. निळे खडे उन्हात छान दिसत होते. “आता नाही कळणार,” ती म्हणाली.

ती खोटं बोलली असती तर मला कळलं असतं. या उत्तराला मी मनात दहापैकी दहा दिले, आणि काही बळ माझ्यात उरलं असतं तर तोंडानं म्हणालोही असतो. मला वाटत होतं की हो किंवा नाही, यातलं काहीतरी एक मी आज घेऊन बसणार. हो असतं तर निदान त्याच्याखाली झोपता आलं असतं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. अंगणात मुलांनी तापमापी बर्फात खुपसली होती आणि नेहमीसारखी ओरडत होती, सगळी एका सुरात, पारा उतरेल तसा एकेक आकडा, शून्य, उणे एक, उणे दोन. हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता आवाज होता. उणे सहा. त्या पुलावर माझ्या तळहाताखाली हेच चाललं होतं, कोणी ओरडत नव्हतं एवढंच. उणे नऊ. आमची तापमापी उणे दहाच्या खाली दाखवत नाही. पारा गोळ्यात जाऊन बसतो, आणि मुलं मग टाळ्या वाजवतात.

गोठलेल्या लिंबूपाण्याची पहिली काडी कोणाची, याचा एक नियम आहे, म्हणजे होता. पहिली निघालेली काडी स्वयंपाकघरात बाईंना न्यायची. जयवंताबाई पदराला हात पुसून ती घ्यायची, मी रागावलो की म्हणायची, “माह्या अंगात आधीच एवढी साखर, एका काडीनं का पूर येणार हाय,” आणि दातांनी कडकन तोडायची, मुलं हसायची. ती गेल्यापासून तो नियम मी कोणाला सांगितला नाही. आत्ताच्या मुलांना तो माहीत नाही. श्रावणीनं नळी तळहातांत घोळवून काडी सोडवली आणि आज पाहुणी आहे म्हणून सुवर्णाच्या हातात दिली. सुवर्णा ती घेऊन उठली. आठवीपासून दहावीपर्यंत तिन्ही वर्षं पहिली काडी तिनंच आत नेली होती. पाय आपले आपण वळले, ओसरीची पायरी चढली, आणि स्वयंपाकघराच्या दाराशी आल्यावर थांबले. माझ्याकडं तिची पाठ होती. मुलांनी पुढची नळी काढली, मग पुढची; एकमेकांच्या काड्या चाखून पाहायला लागली. ती उंबऱ्याशी तशीच उभी होती, आत जात नव्हती, मागं वळत नव्हती, आणि तिच्या मनगटावरून पाणी कोपरापर्यंत येऊन खाली फरशीवर थेंब थेंब पडत होतं.